कुंकू तेवढं माझ्या हातचं

वहिनी, तुमच्या डोक्याची मेंदी धुता धुता माझा जीव मेटाकुटीला आला.

माणसानं जावं कसं, याचीही काही रीत असते. सकाळी डोक्याला मेंदी थापायची, वरून प्लास्टिकची पिशवी बांधायची, अंगणात खुर्ची टाकून उन्हाला बसायचं, चहाचा कप हातात घ्यायचा आणि अर्धा चहा तसाच ठेवून निघून जायचं, ही कुठली रीत? डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. तुम्हाला नसेल कळलं. मला शेजारच्या दारातून पळत येऊन तुमच्या डोक्याची ती पिशवी सोडावी लागली. मला सगळं कळलं.

शेवटच्या आंघोळीला बायका जमल्या. कुणी तरी म्हणालं, दोन तांबे वरून घाला, पुरे झालं. मी म्हणाले, मेंदी निघाल्याशिवाय मी यांना कुठेही जाऊ देणार नाही. पारनेरच्या आत्याबाई, आपल्या सासऱ्यांच्या बहीण, म्हणाल्या, "मंगल, मानसं बाहेर खोळंबल्यात गं." खोळंबू द्या. तुम्ही उभ्या जन्मात कुणा गिऱ्हाइकाला अर्धवट धुतलेल्या केसांनी घरी पाठवलं नाहीत, आणि तुम्हालाच तसं पाठवू? मुळांपासून बोटांनी मेंदी काढली. बादल्यांवर बादल्या पाणी झालं. मग तुमच्या कपाटातला तो कंडिशनर आणला, जो तुम्ही माझ्या केतकीच्या लग्नासाठी राखून ठेवला होता, आणि तोही चोपडला. केस असे काही रंगले होते म्हणून सांगू, की रडणाऱ्या बायकांतली एक डोळे पुसता पुसता मला विचारते, "मेंदीत काय घालायच्या हो या?" मला रडता रडता हसू फुटलं. लोखंडी कढई, चहाचं पाणी, बिटाचा रस, आणि वरून लिंबू. सांगून टाकलं मी तिला. तुमचं गुपित फुटलं, आता रागवा हवं तर.

कपाळाला तुमची ती नेहमीची काळी बारीक टिकली लावली. त्यापलीकडे काही करायचं त्या दिवशी माझ्यात बळ नव्हतं.

काल तेरावं झालं. पाहुणे पांगले. तुमचा लेक विशाल संध्याकाळी पुण्याला गेला. आता घर शांत आहे आणि मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय. भांडण काय, ते सगळ्या भिंगारला ठाऊक आहे. माझ्या केतकीच्या लग्नात तिच्या कपाळाला कुंकू कोणी लावायचं? मी म्हणत होते, तुम्ही. तुम्ही म्हणत होता, "येडी हायस का, मंगल." लग्न पुढच्या महिन्यावर आलं आणि तुम्ही तोंडानं शेवटपर्यंत हो म्हणाला नाहीत.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही इथे आधीच मुरलेल्या होतात. मी नगरातली, बीएड झालेली, शाळेत लागलेली, नाकावर माशी बसू न देणारी. तुम्ही पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवरून आलेल्या, बोलायला रोखठोक. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलंत आणि निकाल दिलात, "रंग बेस हाय. कातडी कोरडी हाय. भुवया म्हंजे नुसतं जंगल." मला असा राग आला. रात्री मी यांना म्हणाले, तुमच्या वहिनी बैल पारखल्यासारखं माणसाला पारखतात. भिंत एकच, तुम्ही ऐकलंच असणार. दुसऱ्या दिवशी तुम्ही वाटीभर डाळीचं पीठ साय आणि हळद घालून कालवून आणलंत, "तोंडाला लाव" म्हणून. मी ते सरळ कांदाभज्यांच्या पिठात ओतलं. तुम्ही भजी खाल्लीत आणि शांतपणे म्हणालात, "साय घातली वाटतं. मऊ झाल्यात." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या बाईशी आपलं जमेल.

आपल्या या छावणीच्या गावात फॅशन पेपरातून किंवा सिनेमातून यायची नाही, बदलीच्या हुकुमानं यायची. लष्करातला कुणी साहेब पंजाबातून बदलून आला की त्याच्या बायकोबरोबर मेथी-दह्याचा लेप यायचा. कुणी केरळची आली की आपल्या गॅसवर खोबरेल तेलात कढीपत्ता आणि जास्वंद उकळायला लागायची. दोन-तीन वर्षांनी त्यांचं बिऱ्हाड ट्रकमध्ये बसून पुढच्या गावाला जायचं, आणि विद्या राहायची तुमच्या पुढच्या खोलीतल्या पार्लरात, त्या एका खुर्चीपाशी. तुमचे हे, आमचे दादा, लष्कराच्या डेपोत कामाला, त्यामुळे त्या बायकांना तुमच्याकडे यायला संकोच नव्हता. तुमचं हिंदी ऐकायला मी मुद्दाम दारात येऊन बसायची. "मॅडम, मुंडी खाली करो. थोडा दुखेगा, पर बाद में लई बेस दिसेगा." आणि त्या दिल्ली-चंदीगडच्या बायका मुकाट्यानं मुंडी खाली करायच्या.

दोऱ्यानं भुवया कोरायला तुम्हाला एका कॅप्टनच्या बायकोनं शिकवलं, आणि सरावाला तुम्हाला मी सापडले. राखी पौर्णिमेचा आदला दिवस होता. "हलू नगं" म्हणालात आणि डाव्या भुवईचा निम्मा भाग उडाला. मी हलले नव्हते, वहिनी. मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगते. मग दोन्हीकडे सारखं दिसावं म्हणून उजवी पण उडवलीत. आपल्या सासूबाई महिनाभर मला विचारायच्या, "मंगल, एवढं कशाचं नवल वाटतंय गं तुला?"

आणि ती आंबील. ती आठवली की मला अजून वर्गात शिकवताना मध्येच हसू येतं. मणिपूरच्या एका बाईनं तुम्हाला तांदळाचं पाणी आंबवून केसांना लावायला शिकवलं होतं. तुम्ही पातेलंभर करून, त्यात मेथ्या आणि संत्र्याची साल टाकून, वर फडकं बांधून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलंत आणि बाजारात गेलात. भर उन्हात आत्याबाई आणि त्यांच्या दोन सुना आल्या. सासूबाईंनी फडकं उचललं, वास घेतला, मस्त आंबलंय म्हणाल्या. त्यांना वाटलं, ज्वारीची आंबीलच. वरून ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ घालून त्यांनी पेले भरले. मी शाळेतून आले तर आत्याबाई दुसरा पेला मागत होत्या. तेवढ्यात तुम्ही पिशवी घेऊन दारात. तुम्ही पेल्याकडे बघितलंत, मग ओट्याकडे, मग माझ्याकडे. आपण दोघी जिन्याखाली जाऊन तोंडात पदर कोंबून बसलो. आत्याबाईंना काही झालं नाही, उलट वयाच्या मानानं त्यांचे केस अजून काळेभोर आहेत आणि त्याचं श्रेय तुम्ही शेवटपर्यंत घेत होतात. पुढे केतकीनं मोबाईलवर दाखवलं, की काकू बघ, कोरियातल्या बायका तांदळाचं पाणी लावतात. तुम्ही पडद्याकडे बघून विचारलंत, "कोरियाला कोन सांगाया गेलं?"

तुमची प्रत्येक नवी टूम या घरानं भोगली. केसांना कांद्याचा रस लावायची लाट आली ती नेमकी कांद्याचे भाव पडलेल्या वर्षी. तुमच्या भावानं तिकडून पोती धाडली आणि तुम्ही म्हणालात, बाजार न्हाई तर न्हाई, डोस्क्याला लावू. महिनाभर आपल्या दोन्ही घरांत कुणी पाहुणा थांबत नव्हता. मग ते सनस्क्रीन. मी स्कूटीवरून शाळेत जाते, उन्हानं काळवंडते, म्हणून तुम्ही एक दिवस दारातच मला पकडून तोंडभर फासलंत. ते मुरतं म्हणे. माझ्या कातडीत काही मुरलं नाही. चौथीतल्या पोरांनी विचारलं, "बाई, तुम्ही आजारी आहात का?" मुख्याध्यापकांनी मला अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला सांगितली, तीही न मागता. मी घरी येऊन तुमच्याशी कडाकडा भांडले आणि तुम्ही म्हणालात, "रजा मिळाली ना? मग?"

केतकीच्या केसांवरून तर किती वर्षं भांडलो. पोरीचे केस दादांवर आणि यांच्यावर गेलेले, कुरळे, झुडपासारखे. तुम्ही ते तेल लावून चापून बसवायचात, दोन वेण्या घट्ट. पुढे सरळ करायची फॅशन आली तेव्हा कॉलेजातल्या केतकीला टेबलावर डोकं टेकवायला लावून तुम्ही कपड्यांची इस्त्री हातात घेतलीत. मी वेळेवर आले म्हणून पोरीचे कान वाचले. आणि आता? आता कुरळे केस कुरळेच ठेवायचे, जवसाचं जेल लावून फुलवायचे. ज्या केसांशी आपण अठरा वर्षं झुंजलो तेच सगळ्यांत भारी निघाले. तुम्ही तेही शिकलात. पातेल्यात जवस उकळून, गाळून, तिच्या एकेका बटेला लावत बसायचात. ती पुण्याहून आली की आधी तुमच्या खुर्चीत, मग माझ्या स्वयंपाकघरात. मला याचा थोडा हेवा वाटायचा. थोडा म्हणजे बराच.

मग दादा गेले.

तुम्ही पार्लर बंद ठेवलंत ते दिवस मला आठवायला नकोत. पण एका सकाळी जुन्या बाजारातल्या एका मुलीची आई आली. तिच्या पोरीला लग्नात नटवायचं काम तुमच्याकडे आधीपासून ठरलेलं होतं. चहा झाला तरी बाई इकडचं तिकडचंच बोलत राहिली. शेवटी म्हणाली, "तसं आम्ही काही मानत नाही हो. पण मुलीच्या सासरचे जरा जुन्या वळणाचे आहेत." मी आतून ऐकत होते. मी चार गोष्टी सुनवायला बाहेर येणार, तोवर तुम्ही म्हणालात, "बरोबर हाय तुमचं. नटवीन मी. कुंकू माझी जाऊ लावंल."

मला कुणी विचारलं? नाही. मला रविवारी सकाळी सांगण्यात आलं, चल, लग्न हाय. मी म्हणाले, कुणाचं? तुम्ही म्हणालात, तुला काय करायचंय, तुला कुंकू लावायचंय.

चेहऱ्याला साधा साबण लावणारी मी, मला नवरीच्या कपाळावर चंद्रकोर काढायची म्हणजे संकटच. त्यासाठी तुम्ही संध्याकाळच्या भाजीला आणलेल्या दुधी भोपळ्यावर माझ्याकडून सराव करून घेतलात. भोपळाभर चंद्रकोरी. हे जेवायला बसले आणि म्हणाले, आज भाजीत बीट घातलंय का, लाल दिसतेय. पहिल्या नवरीची कोर वाकडी आलीच. तुम्ही मागून पुटपुटलात, "चंद्र कलला गं," आणि मला सांगून सांगून काडीनं सरळ करून घेतलीत. स्वतः बोट लावलं नाहीत.

त्यानंतर आपल्या दोघींचं बिऱ्हाड जिल्हाभर हिंडलं. सुपा, नेवासा, शिंगणापूरच्या वाटेवरची ती कार्यालयं, कधी रिक्षा, कधी कुणाचा टेम्पो. तुमच्या मांडीवर ती मोठी पेटी, माझ्या हातात करंडा. तुम्ही पहाटेपासून उभ्या. फाउंडेशन, काजळ, अंबाडा, गजरा, पदराच्या चुण्या, नवरीची रडारड, नवरीच्या आईची घाई, सगळं तुमच्याकडे. मी खुर्चीत बसून वह्या तपासायची. शेवटी तुम्ही बाजूला व्हायचात, मी उठायची, कुंकू लावायची, आणि नारळ, ब्लाउजपीस नि पहिल्या पंगतीचं ताट माझ्याकडे यायचं. कामाच्या मानानं एवढा मान अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल. कुठल्या कार्यालयाचा मसालेभात चांगला आणि कुठे मठ्ठा पातळ, हे मला आजही विचारा. परतताना आपण नवऱ्यामुलाकडच्या बायकांच्या मेकअपची जी काही चिरफाड करायचो, ती इथे सांगता येणार नाही. एरवी माझा रविवार कपडे भिजवण्यात गेला असता.

पण मला ते पटत नव्हतं, आणि मी ते गिळून बसणारी नव्हे, हेही तुम्हाला माहीत होतं. स्वतःच्या कपाळाला तुम्ही ती काळी टिकली लावायचात आणि कुणी बघितलं तर "फॅशन हाय" म्हणायचात. मी म्हणायची, लाल लावा. तुम्ही म्हणायचात, लाल मला शोभत न्हाई. खोटं. तुमच्या रंगाला लाल जितकं शोभायचं तितकं या गल्लीत कुणाला शोभलं नाही.

पारनेरच्या त्या लग्नात सगळं फुटलं. माझी शाळेची बैठक लांबली, मी मागून एसटीनं येत होते आणि वाटेत टायर पंक्चर. मी पोचले तेव्हा नवरी नटूनथटून कोऱ्या कपाळानं बसलेली, बाहेर भटजी अक्षता वाटायच्या घाईत, आणि तुम्ही हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकलेल्या. नवरीच म्हणत होती, "काकू, तुम्हीच लावा ना, मला चालतंय." तिची आईसुद्धा म्हणत होती, लावा. आणि तुम्ही मान हलवत होतात. मी घामाघूम, धापा टाकत कुंकू लावलं आणि ताटावर न बसता तशीच बाहेर आले.

टेम्पोत मी तुम्हाला काय काय बोलले. त्यांना चालत होतं, तिला चालत होतं, मग तुमचंच काय अडलं? लोकांना किती घाबरायचं माणसानं? तुम्ही मांडीवरची पेटी सरळ केलीत. मग म्हणालात, "लोकांना न्हाई भीत मी. माज्या हातालाच भीते. ते गेले त्या दिवशी सकाळी मी एवढं मोठं कुंकू लावलं हुतं, मंगल. रोज लावत हुते. काय उपेग झाला? उद्या त्या पोरीचं काय बरंवाईट झालं तर मला झोप लागंल का?"

मला वाटत होतं, तुम्ही जगाच्या रीतीपुढे मान तुकवताय. तुमच्या मनात ते इतकं आत जाऊन बसलंय, हे मला ठाऊक नव्हतं. ड्रायव्हर मध्येच म्हणाला, "ताई, चहा घ्यायचा का?" आणि आपण चहा घेतला.

म्हणून केतकीचं ठरलं त्याच दिवशी मी सांगून टाकलं की तिला कुंकू तुम्ही लावायचं. मला कुणाला काही दाखवून द्यायचं नव्हतं. तुमच्या डोक्यातलं ते खूळ एकदाचं निघावं, आणि ते माझ्या पोरीच्या कपाळावर निघावं, एवढंच होतं. तुम्ही म्हणालात, "बाकीच्या पोरी लोकांच्या, ही माजी हाय. हिच्यावर तर मुळीच न्हाई." मी म्हणाले, म्हणूनच. तुम्ही म्हणालात, तू आई हायस, तूच लाव. मी म्हणाले, मग तुम्ही लग्नाला येऊच नका. हे मी बोलायला नको होतं, पण बोलले. आठ-दहा दिवस अबोला. अबोल्यात तुमच्याकडून शेपूची भाजी आली, माझ्याकडून थालीपीठ गेलं. वाट्या बोलत होत्या, आपण नव्हतो.

अबोला मोडला तो केतकीमुळेच. तिला मेकअप असा हवा होता की मेकअप केलाय हे कळूच नये. तुम्ही मला हाक मारलीत, "मंगल, हितं ये. तुझ्या पोरीचं ऐक. दिसायचंच न्हाई तर तीन तास बसायचं कशाला?" शिवाय तिला आधी ट्रायल हवी होती. लग्नाच्या आधी लुटुपुटूचं नटायचं, सगळं जमतंय का बघायचं, मग पुसून टाकायचं. तुम्हाला ते थेरच वाटलं. पण पोरगी म्हणाली म्हटल्यावर तुम्ही तारीख दिलीत. ज्या आठवड्यात तुम्ही गेलात, त्याच आठवड्यातली.

काल तेराव्याची जेवणं उरकल्यावर आत्याबाईंनी विषय काढलाच. "आता केतकीला कुंकू कोन लावनार? मंगल, तूच लाव बाई, आता कशाला घोळ." सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माझं तोंड उघडायच्या आत केतकी आतून ताट घेऊन आली आणि म्हणाली, "कुणीही लावा, आजी. मला काकूनं लावून झालंय."

"कधी गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"ट्रायलला."

आत्याबाईंनी अडकित्ता हातात घेतला. मग म्हणाल्या, "मग झालं तर," आणि सुपारी कातरायला लागल्या.

केतकीनं माझ्याकडे चोरून बघितलं. तिला वाटलं, मला हे नवीन आहे. वहिनी, तुम्हालाही तसंच वाटत होतं. पण ट्रायलच्या त्या दुपारी मी चहा घेऊन आले होते आणि दारात थांबले होते. आरशातून मला सगळं दिसत होतं. तिचे केस तुम्ही फुलवून बांधले होते. तोंडाला काही लावलंय असं वाटत नव्हतं, आणि पोरगी अशी दिसत होती की मी चहाचा ट्रे दोन्ही हातांनी घट्ट धरला. फक्त कपाळ कोरं होतं. ती म्हणाली, "काकू, ही तर ट्रायल आहे. खोटं खोटं. यात कसलं आलंय?" तुम्ही दाराकडे बघितलंत, मी मागे सरले. मग तुम्ही करंडा उघडलात. काडी हातात घेतलीत, ठेवलीत, परत घेतलीत. आणि एका दमात कोर काढलीत. सरळ, रेखीव. भोपळाभर सराव करून मला कधी जमली नाही तशी. मग तिचं तोंड ओंजळीत धरून तुम्ही नुसत्या बघत राहिलात. आणि म्हणालात, "आईला सांगू नगंस. ती म्हनंल, मी जिंकले."

मी तशीच मागे गेले. ओट्यावर भांडी आदळली, चहा परत गरम केला, आणि खोकत बाहेर आले. विचारलं, कुंकू कोणी लावलं? तुम्ही म्हणालात, "तिनंच." मी म्हणाले, चांगलं आलंय. तुम्ही म्हणालात, "तुझ्यापरीस बरं." आणि चहात साखर कमी आहे म्हणून माझ्यावरच खेकसलात.

मला वाटलं होतं, लग्नात अक्षता पडल्या की तुमच्या कानात सांगीन की मी बघितलं होतं. तेवढं राहिलं.

तेव्हा आज सांगते. केतकी ठणठणीत आहे, वहिनी. काल चार लाडू खाल्ले, आज सकाळी पुण्याला कामावर गेली, पोचल्याचा फोनही आला. होणाऱ्या नवऱ्याचंही उत्तम चाललंय. तुमच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. कधीच नव्हतं. जिंकले मी.